गर्भाची शिवण : तान्ह्या मुलांच्या अंगावरील जन्मजात गांठी

गेल्या वर्षीं एका स्नेह्यांकडे त्यांच्या नातवाच्या बारशाला आम्ही गेलों होतों. पाळणा सजला होता, घुगऱ्यांचा वास घरभर दरवळत होता, आणि तरीहि मंडळींचे चेहरे कांहींसे उतरलेले दिसले. बारशाच्या घरीं असें कां व्हावें, हें विचारावें कीं न विचारावें या विवंचनेंत आम्ही होतों. इतक्यांत आमचा व्यवसाय ध्यानांत घेऊन स्नेह्यांनींच आम्हांस माजघरांत नेलें व बाळाच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखविलें. भुंवईच्या बाहेरच्या टोंकाशीं, कातडीखालीं, हरभऱ्याएवढी एक गोल गांठ होती. बाळाला न्हाऊं घालणाऱ्या बाईंना ती प्रथम लागली. तेल चोळतांना त्यांच्या बोटांना जें कळलें, तें घरांतील चार पदवीधरांच्या डोळ्यांना दहा दिवस दिसलें नव्हतें!

पण त्या गांठीपेक्षां घराला अधिक जाचत होतें तें निराळेंच. सूनबाईंना सहावा महिना असतांना ग्रहण लागलें होतें आणि त्या वेळीं त्यांनीं विळीवर भाजी चिरली, असें स्नेह्यांच्या मातुःश्रींना पक्कें आठवत होतें. "मीं तेव्हांच म्हटलें होतें, आज विळीला हात लावूं नकोस म्हणून," हें वाक्य आमच्या देखत दोनदां उच्चारलें गेलें. सूनबाई खालीं मान घालून बाळाच्या अंगावरचें दुपटें उगाच सारखें करीत होत्या. जेवणाच्या पंक्तींत तर उपायांचा पाऊसच पडला. कोणी आंबेहळदीचा लेप सांगितला, कोणी गरम पोटीस, कोणी बिब्ब्याचा चटका; एका गृहस्थांनीं सुईनें टोंचून 'आंतलें पाणी' काढून टाकण्याचा सल्ला दिला. हे गृहस्थ एका मोठ्या कचेरींत हिशेबतपासनीस आहेत, आणि कागदावर चुकीचा एक आंकडाहि ते खपवून घेत नाहींत!

त्या दिवशीं आम्हीं त्या घरांत जें सांगितलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें लिहीत आहों. अशीं मुलें कोणत्याहि घरीं जन्मतात, आणि पहिले चार दिवस त्यांचें बरेंवाईट डॉक्टरांपेक्षां घरच्या माणसांच्याच हातीं असतें.

मातेच्या उदरांत तिसऱ्या आठवड्यांत गर्भ म्हणजे तीन थरांची एक चपटी चकती असते. (येथें दिलेले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, प्रसूतीची तारीख काढतांना डॉक्टर मोजतात ते पाळीपासूनचे, म्हणजे दोनांनीं अधिक.) वरच्या थरापासून आपली कातडी होते आणि आश्चर्य असें कीं, मेंदू व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु हींहि त्याच थरापासून होतात. त्या चकतीच्या मध्यावर लांबट खांच पडते, तिचे कांठ दोन्हीं बाजूंनीं उचलले जातात, एकमेकांकडे झुकतात व जुळतात. अशी जी नळी बनते ती आंत उतरते आणि तिच्यावर कातडीचा थर पुन्हां सलग होतो. आमच्या गृहिणींना हें समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. करंजीची पारी लाटून, सारण घालून, कड जुळवून मुरड घालतात, तसाच हा प्रकार. ही नळी डोक्याच्या बाजूला सुमारें २५ व्या दिवशीं आणि शेंपटीच्या बाजूला सुमारें २८ व्या दिवशीं मिटते. त्या वेळीं सगळा गर्भ अवघा चार-पांच मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा असतो, आणि आईला दिवस गेल्याची शंका नुकती कोठें येऊं लागलेली असते.

चेहराहि असाच जुळून होतो. कपाळाकडून एक उंचवटा खालीं येतो, गालांचे दोन बाजूंनीं येतात, खालच्या जबड्याचे दोन समोर मिळतात; त्यांच्या संगमावर नाक, ओठ, टाळू व डोळ्यांभोंवतालचा भाग साकारतो. चौथ्या आठवड्यांत सुरू झालेलें हें काम आठव्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक आटोपलेलें असतें.

आतां करंजी करतांना मुरडींत पारीचा एखादा कण आंत दुमडून जावा, त्याप्रमाणें या जुळणीच्या रेषेवर कातडीच्या कांहीं पेशी कधीं कधीं आंत अडकतात. त्या मरत नाहींत. कातडीचा जो धर्म तोच त्या आंत बसून पाळतात. कोंडा टाकतात, तेल स्रवतात, केंसहि उगवितात. बाहेरच्या कातडीचा मळ स्नानाबरोबर निघून जातो. या बिचाऱ्यांना दार नाहीं. मग आपल्याच मळाची एक पिशवी त्या स्वतःभोंवतीं सांठवीत जातात व ती सावकाश वाढते. अशा पिशवीला डॉक्टर 'सिस्ट' म्हणतात, आणि जिच्या भिंतींत कातडीचा हा सगळा संसार असतो तिला 'डर्मॉइड सिस्ट' हें नांव आहे. तिच्यांत पू नसतो, पाणी नसतें. लोण्यासारखा पांढुरका गाळ व कित्येकदां बारीक केंस असतात. पोटीस बांधून ती 'पिकत' नाहीं, कारण पिकण्यासारखें तिच्यांत कांहीं नसतें. पोटिसानें पिकलीच, तर ती पोटिसाच्या उष्णतेनें भाजलेल्या कातडींत शिरलेल्या जंतूंमुळें!

येथें ग्रहणाचा प्रश्न निकालांत निघतो. भुंवईच्या टोंकाशीं, जेथें कपाळाचें व गालाचें हाड मिळतें, तेथील शिवण पहिल्या दोन महिन्यांतली. ग्रहण लागलें सहाव्या महिन्यांत. विळीनें कापावें असें त्या वेळीं तेथें उघडें कांहींच राहिलेलें नव्हतें. ग्रहण पाळावें कीं न पाळावें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे व त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा निकाल चार महिने आधींच लागून गेला, तिचें खापर मागाहून घडलेल्या गोष्टीवर फोडणें हें कोणत्याच शास्त्रांत बसत नाहीं. या गांठी बहुधा एकट्यादुकट्या, घरांत पूर्वीं कोणास नसतांना उद्भवतात. आईच्या खाण्यापिण्याशीं, उठण्याबसण्याशीं, डोहाळ्यांशीं त्यांचा संबंध नाहीं. हें आम्हीं मातुःश्रींसमोर बोटांवर महिने मोजून सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत; पण विळीचें वाक्य तिसऱ्यांदा ऐकूं आलें नाहीं.

गर्भाची घडण हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुताच्या शारीरस्थानांत, गर्भाचें कोणतें अंग प्रथम होतें, याविषयीं एक मौजेचा वाद आहे. शौनक म्हणतो डोकें, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभि, मार्कंडेय म्हणतो हातपाय. शेवटीं धन्वंतरि निर्णय देतात कीं, सर्व अंगें एकदमच होऊं लागतात. कोवळ्या आंब्यांत कोय, गर व रेषा सूक्ष्म असल्यामुळें निराळ्या दिसत नाहींत, पिकल्यावर दिसतात, त्याप्रमाणें. सूक्ष्मदर्शक यंत्र नसतांना केलेला हा तर्क कौतुकास्पद खराच. पण तेवढ्यावरून सगळें आधुनिक गर्भशास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें, असें म्हणणारांच्या मेळ्यांत आम्ही नाहीं. थर कसे दुमडतात व कोठें जुळतात हें प्रत्यक्ष पाहण्याचें श्रेय एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय शारीरशास्त्रज्ञांचें आहे. १८२५ सालीं राट्के या जर्मन पंडितानें डुकराच्या गर्भाच्या गळ्याशीं माशांच्या कल्ल्यांसारख्या खांचा दाखविल्या, आणि पुढें विल्हेल्म हिस यानें मानवी गर्भाचे पातळ काप घेऊन त्यांची सचित्र वर्णनें १८८० ते १८८५ या काळांत प्रसिद्ध केलीं.

अडकलेल्या पेशींचा सर्वांत निरुपद्रवी नमुना तर बहुतेक घरांत येऊन जातो, पण ओळखूं येत नाहीं. नवजात मुलाच्या टाळूच्या मध्यरेषेवर मोत्यासारखे पांढरे कण दिसतात. प्राग येथील बालरोगतज्ज्ञ एप्स्टाइन यांच्या नांवानें त्यांना 'एप्स्टाइनचे मोती' म्हणतात. टाळूचे दोन पडदे जुळतांना मध्यें सांपडलेल्या पेशींचे ते कण. कांहीं आठवड्यांत आपोआप झिजून जातात. हिरड्यांवरहि तसेच कण येतात आणि मग 'मूल दांत घेऊन जन्मलें' म्हणून शकुन-अपशकुनाची चर्चा सुरू होते. त्यांना नखानें खरवडूं नये, मीठ चोळूं नये. त्यांच्याकडे पाहूंहि नये, असें म्हटलें तरी चालेल!

भुंवईची गांठ एवढी क्षुद्र नसली, तरी भिण्यासारखीहि नाहीं. चेहऱ्यावरील डर्मॉइडची ही सर्वांत नेहमींची जागा. गांठ दुखत नाहीं, तिच्यावरची कातडी हलते, गांठ स्वतः मात्र खालच्या हाडाला धरून असल्यासारखी लागते आणि कधीं त्या हाडांत खळगाहि पाडते. ती आपण होऊन विरत नाहीं. मूल रांगूं-चालूं लागलें कीं तोंडावर पडणारच. त्या आघातानें पिशवी फुटली तर आंतला गाळ भोंवतालच्या मांसांत पसरून मोठी सूज येते. म्हणून मूल वर्षाचें होण्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करून ती काढतात. छेद भुंवईच्या कडेला किंवा पापणीच्या घडीवर घेतात, त्यामुळें व्रण सहसा लपतो. पिशवी अखंड निघणें महत्त्वाचें. भिंतीचा तुकडा मागें राहिला तर ती पुन्हां भरते. सुईनें टोंचून गाळ काढण्याचा सल्ला व्यर्थ ठरतो तो याचसाठीं.

येथवर सगळें सोपें आहे. कठीण प्रकरण मध्यरेषेवरच्या गांठींचें आहे, आणि वाचकांनीं या लेखांतलें एकच कांहीं लक्षांत ठेवावयाचें ठरविलें, तर तें हेंच ठेवावें अशी आमची विनंति आहे.

नाकाच्या दांड्यावर, कपाळाच्या मध्यावर, डोक्याच्या टाळूवर अथवा पाठीच्या कण्यावर जन्मजात गांठ, खळी किंवा सुईच्या अग्राएवढें छिद्र दिसलें, तर त्याला मेंदूच्या अथवा मज्जारज्जूच्या दारावरची खूण समजावें. कारण मघांशीं सांगितलेंच कीं, कातडी आणि मेंदू एकाच थराचीं लेकरें. त्यांची ताटातूट नीट झाली नाहीं म्हणजे दोघांमध्यें एक धागा राहून जातो. नाकाची गोष्ट घ्या. गर्भावस्थेंत मेंदूच्या आवरणाचें एक टोंक कवटीच्या तळाच्या छिद्रांतून नाकाच्या कातडीपर्यंत आलेलें असतें. पुढें तें माघार घेतें व छिद्र बुजतें. माघार घेतांना त्याला कातडी चिकटून राहिली तर तीहि आंत ओढली जाते, आणि नाकाच्या शेंड्यापासून कवटीच्या आंतपर्यंत कोठेंहि पिशवी वा नळी बनते. अशीं मुलें विरळा. २०,००० ते ४०,००० जन्मांत एक असा अंदाज आहे. नाकावरच्या बारीक छिद्रांतून एखादा केंस बाहेर डोकावत असेल तर ती या विकाराची जवळजवळ खात्रीची खूण होय. आतां आपल्याकडे बाळाचें नाक चाफेकळीसारखें व्हावें म्हणून न्हाऊं घालतांना तें तेलाच्या बोटांनीं चिमटून ओढण्याची चाल आहे. ज्या नाकावर असें छिद्र वा गांठ आहे तें नाक दाबणें म्हणजे बाहेरचे जंतु मेंदूच्या उंबरठ्यापर्यंत पोंचविण्यासारखें आहे.

त्याच जागीं दुसरीहि एक गांठ येते, जी मूल रडूं लागलें कीं फुगते. ती कातडीची पिशवीच नव्हे. कवटीच्या फटींतून बाहेर आलेलें मेंदूचें आवरण व कधीं मेंदूचाच भाग असतो. तींत सुई खुपसण्याचा परिणाम काय होईल हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. बाहेरून या दोहोंतला भेद शहाण्या डॉक्टरालाहि नेहमीं सांगतां येतोच असें नाहीं; म्हणून मध्यरेषेवरच्या गांठीला एम्. आर्. आय्. तपासणीपूर्वीं शस्त्र लावीत नाहींत. डोक्यावरील गांठीभोंवतीं दाट काळ्या केंसांचें कडें असेल, तर तीहि अशीच इशारत समजावी.

पाठीकडे पाहतांना मात्र घाबरून जाऊं नये. माकडहाडाशीं, दोन नितंबांच्या घडीच्या आंत, उथळ व तळ दिसणारी लहान खळी पुष्कळ मुलांना असते, ती निरुपद्रवी. तिच्याहून वर, कंबरेच्या बाजूस, छिद्र असेल, त्याजवळ केंसांचा झुबका, लाल डाग वा फुगवटा असेल, तर तें छिद्र थेट मज्जारज्जूपर्यंत गेलेलें असूं शकतें. कांहीं मुलांना मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, पुन्हां पुन्हां होतो, औषधानें बरा होतो, परत उलटतो, आणि शेवटीं कोणी तरी पाठ उघडून पाहतो तों तेथें हें छिद्र! पहिल्या तीनचार महिन्यांत मणक्यांच्या कमानी पुरत्या हाडाच्या झालेल्या नसल्यामुळें नुसत्या सोनोग्राफीनें आंतलें दिसतें, पुढें एम्. आर्. आय्. लागतो. तेव्हां वाट पाहण्यांत लाभ नाहीं.

गळ्याच्या गांठींची कथा राट्केनें दाखविलेल्या त्या खांचांशीं जोडलेली आहे. मानवी गर्भाच्या गळ्याशींहि चौथ्या आठवड्यांत अशा कमानी व खांचा दिसतात. दुसरी कमान खालच्यांवर वाढत जाऊन त्यांना झांकून टाकते व सातव्या आठवड्याच्या सुमारास खांचा बुजतात. एखादी बुजली नाहीं, तर मानेच्या बाजूला छिद्र राहून त्यांतून चिकट स्राव पाझरतो, किंवा गांठ होते. मध्यभागीं असणारी गांठ निराळी. थायरॉइड ग्रंथि जिभेच्या मुळाशीं जन्मते व गळ्यांत उतरते. उतरण्याची वाट बुजली नाहीं तर तींत गांठ बनते. मूल जीभ बाहेर काढतें तेव्हां ती गांठ वर सरकते, ही तिची ओळख. पूर्वीं ती काढली तरी वारंवार उलटे. १९२० सालीं अमेरिकेंतील सिस्ट्रंक या शस्त्रवैद्यानें त्या वाटेवरील घोड्याच्या नालासारख्या हाडाचा मधला तुकडाहि काढण्याची रीत घालून दिली, तेव्हांपासून उलटण्याचें प्रमाण फार घटलें.

यांत सर्वांत दुर्मिळ व आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटलेली गांठ गळ्याच्या तळच्या खळग्यांत, छातीच्या हाडाच्या वरच्या कांठाशीं येते. आमच्या पाहण्यांत ती एकदांच आली. दोन वर्षांच्या मुलाच्या झबल्याची गळपट्टी नेहमीं ओलसर राहते, लाळ म्हणावी तर लाळ गळत नाहीं, अशी त्याच्या आईची तक्रार होती. नीट पाहिलें तों खळग्यांत टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र, खालीं वाटाण्याएवढी गांठ, आणि दाबल्यावर स्वच्छ, चिकट थेंब. सर्वांनीं तिला साधी डर्मॉइड म्हणून नोंदविलें. काढल्यानंतर तिचा काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तेव्हां भिंतीवर कातडी नव्हतीच! तेथें होतें श्वासनलिकेचें अस्तर, पेशींच्या माथ्यांवर सूक्ष्म लव असलेलें. जी लव छातींत कफ वर ढकलण्याचें काम अहोरात्र करते, तीच येथें कातडीखालीं. गर्भाच्या चौथ्या आठवड्यांत अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतींतून फुप्फुसाचा अंकुर फुटतो. त्याचा एखादा कण छातीचीं हाडें मध्यावर जुळण्यापूर्वीं वाट चुकून बाहेर राहिला व मागून दार बंद झालें, असा याचा उलगडा करतात. ही गांठ मुलींपेक्षां मुलांत अधिक आढळते, तिचा खऱ्या श्वासनलिकेशीं बहुधा संबंध उरलेला नसतो, आणि ती शस्त्रक्रियेपूर्वीं क्वचितच ओळखूं येते. पेशींच्या अंगचा स्वभाव किती हट्टी! हवेचा स्पर्श नाहीं, श्वास नाहीं, तरी दोन वर्षें त्या आपलें झाडलोटीचें काम करीतच होत्या.

घरीं काय करावें हें आतां वेगळें सांगण्यासारखें थोडेंच उरलें आहे. न्हाऊं घालणाऱ्या बाईंना विचारावें. त्यांच्या हातांना आपल्या डोळ्यांपेक्षां अधिक कळतें. गांठ दिसली तर तारीख घालून फोटो काढून ठेवावा, तिला दाबूं, शेकूं, टोंचूं किंवा डागूं नये, आणि मूल आधीं बालरोगतज्ज्ञाला, मग मुलांच्या शस्त्रवैद्याला दाखवावें. ताप, लाली, अथवा छिद्रांतून पू आला तर त्याच दिवशीं. कानाच्या पाळीच्या पुढें असणाऱ्या बारीक छिद्राला मात्र, तें वाहत नसेल तर, खुशाल राहूं द्यावें. पुष्कळांना तें जन्मभर असतें व आरशांतहि दिसत नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या नातवाची शस्त्रक्रिया तो अकरा महिन्यांचा असतांना झाली. पाऊण तासांत त्याला बाहेर आणलें. शस्त्रवैद्यांनीं लहानशा बाटलींतील ती पिशवी मंडळींना दाखविली व तिच्यांतले सोनेरी-काळे बारीक केंसहि दाखविले. मातुःश्रींनीं चष्मा पुसून, बाटली उजेडांत धरून बराच वेळ पाहिलें. मग सूनबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "अगं, याचें थोडें जावळ आंतच राहिलें होतें म्हणायचें!" आणि बाळाला त्यांनीं तिच्याजवळून आपल्या मांडीवर घेतलें.